सावली समोरच्या बाजूला

सकाळचे सव्वासात वाजले होते, तेव्हा मी उभा राहिलो. तोवर आडवाच होतो, टेम्पोत, माझ्यासारख्याच बाकीच्या खांबांच्या अंगावर अंग टाकून. दोघांनी खड्डा खणला, एकाने सिमेंट कालवलं आणि चौथा, म्हणजे साहेब, लांबूनच म्हणाला, "सरळ आहे ना?" तिघांनी माना डोलावल्या. मी सरळ नव्हतो. जरा डावीकडे कललो होतो, तो अजून तसाच आहे. पण माणसांची एक सवय मला पहिल्याच दिवशी कळली. साहेबाने लांबून विचारलं की सगळं सरळच असतं.

त्याआधीचं विचाराल तर मला फारसं सांगता येणार नाही. भट्टी होती, खूप उकडत होतं, एवढंच आठवतं. माणसांना तरी आपला जन्म कुठे आठवतो?

मी बसथांब्याचा खांब. लोखंडी, अंगाला पिवळा रंग, डोक्यावर गोल पत्रा आणि त्यावर बसचं चित्र. बसायला बाक नाही, वर छप्पर नाही. सिमेंट सुकायच्या आत कुणीतरी विचारलं होतं, "आणि साहेब, छप्पर?" साहेब म्हणाले, "नंतर येईल." ते 'नंतर' ऐकून मी हरखलो होतो. तेव्हा नवीन होतो ना.

छप्पर नसल्यामुळे झालं काय, की माणसं माझ्याजवळ उभीच राहिनात. समोर, रस्त्याच्या पलीकडे, इस्त्रीवाल्या काकांचं दुकान. दुकानापुढे त्यांनी पत्रा काढलेला, आणि त्या पत्र्याखाली गारेगार सावली. सगळी गर्दी तिथे. कपड्यांची गाठोडी बाजूला सरकवून काका सगळ्यांना जागा द्यायचे आणि वर बोलायचेही, "या, या! दुकान कशाला, धर्मशाळाच काढलीय मी." बस दिसली की सगळे रस्ता ओलांडून धावत सुटायचे. एकाची चप्पल राहायची, एकीचा डबा सांडायचा, मोटारवाले शिव्या घालायचे. बस माझ्यापाशी थांबायची, ते धापा टाकत चढायचे आणि मी पुन्हा एकटा. थांबा म्हणून नाव माझं, पण थांबायचं सगळं समोर.

माझ्याजवळ येऊन उभी राहायची ती एकच, ठकीची आई.

ठकी तीन वर्षांची. कपाळावर कापलेले केस, हातात कायम एक रिकामी डबी. तिला जन्मापासून ऐकू कमी येतं. कानामागे छोटं यंत्र बसवलंय, पण नुसत्या यंत्राने भागत नाही. कुठला आवाज कशाचा, हे शिकवावं लागतं. त्यासाठी शहरातल्या वर्गात आठवड्यातून दोनदा जायचं. तिथल्या बाईंनी आईला सांगून ठेवलं होतं, "हे वर्ष फार मोलाचं आहे. खाडे करू नका." तेव्हापासून त्या माऊलीचा जीव टांगणीला. बस सुटेल म्हणून अर्धा तास आधी यायची. पिशवीत यंत्राचे सेल आहेत का, पाण्याची बाटली आहे का, तिकिटाचे सुटे आहेत का, हे पुन्हा पुन्हा बघायची. बघून झालं की पिशवी बंद करायची आणि मग आपण नीट बघितलं का म्हणून परत उघडायची.

"अगं पोरी, सावलीत ये की!" काका पलीकडून ओरडायचे. "लेकरू तापेल!"

"नको काका. ऐनवेळी रस्ता ओलांडायचा म्हणजे... हिला हॉर्न ऐकू येत नाही हो."

मग ती ठकीच्या डोक्यावर ओला रुमाल टाकायची आणि स्वतः अशी उभी राहायची, की तिची सावली लेकीवर पडावी. कुणी आपल्या सावलीचं छप्पर केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आता माझं आणि ठकीचं गुपित सांगतो. वरच्या वळणावर गटारावर एक लोखंडी झाकण आहे, जरा सैल. बस त्याच्यावरून गेली की जमीन थरथरते आणि ती थरथर माझ्या पायातून वर चढते. बस दिसायला तेव्हा अजून वेळ असतो. ठकी मला धरून उभी राहायची. एके दिवशी थरथर तिच्या तळहाताला लागली. तिने दचकून माझ्याकडे पाहिलं, मग आईचा हात ओढला. थोड्या वेळाने बस आली. पुढच्या वेळीही तसंच. मग ठकीने हात ओढला की आई पिशवी खांद्याला लावायची आणि ते बघून समोरचे सगळे रस्ता ओलांडायला लागायचे. काका इस्त्री करता करता पुकारायचे, "चला, ठकी हलली! आली बस!" जिला हॉर्न ऐकू येत नाही, ती पोरगी बसची वर्दी देत होती. मला इतका मान आजवर कुणी दिला नव्हता.

असं सुरळीत चाललं होतं. मग मोजणीवाली मुलगी आली.

डोक्याला टोपी, हातात बटण दाबायचं छोटं यंत्र. एक माणूस, एक टिक. बसमंडळ दर पाच वर्षांनी सुधारणेचा आराखडा करतं, त्याची ही मोजणी होती. कुठल्या थांब्याला छप्पर द्यायचं, कुठे जादा बस सोडायची, कुठला थांबा काढून टाकायचा, ते त्यावर ठरतं. मुलीला सांगून पाठवलं होतं, थांब्यावर वाट बघणारी माणसं मोज. पोरगी प्रामाणिक. माझ्यापाशी आली, इकडे तिकडे पाहिलं आणि आईला विचारलं, "ताई, बाळाचं तिकीट काढता?"

"नाही हो, लहान आहे अजून."

"मग तिला धरत नाही." टिक. एक.

समोर सावलीत निम्मा मोहल्ला उभा होता. तिला वाटलं, ही इस्त्रीवाल्याची गिऱ्हाइकं. बस यायच्या आत ती गाडीला किक मारून पुढच्या थांब्यावर गेलीसुद्धा. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

तुम्ही म्हणाल, तिकिटांवरून कळलं नसतं का? नाही ना. तिकिटावर टप्प्याचं नाव येतं, आणि माझा आणि पुढच्या बाजाराच्या थांब्याचा टप्पा एकच. इथे चढलेली सगळी माणसं कागदावर बाजारात चढत होती. अशा रीतीने माझ्या नावावर एकच माणूस राहिलं.

काही दिवसांनी एकाने माझ्या पोटावर सूचना चिकटवली. हा थांबा वापरात नाही, सबब तो बंद करून बस नव्या हमरस्त्याने सरळ नेण्याचा प्रस्ताव आहे, कुणाची हरकत असल्यास मंडळाच्या हरकतींच्या बैठकीत मांडावी. आता बघा, हरकत घेणारे सगळे समोर, आणि सूचना माझ्या पोटावर. वाचणार कोण? वाचली ती ठकीच्या आईनेच. एकदा वाचली, बोट ठेवून दुसऱ्यांदा वाचली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. हमरस्त्यावर जायचं म्हणजे पुलावरून जायचं. त्या पुलाला चालायला कडेची वाट नाही. मालगाड्या अंगाला घासून जातात. आणि कडेवर ही लेक.

त्या दिवशी ती पहिल्यांदा आपणहून रस्ता ओलांडून सावलीत गेली. ठकीला छातीशी घट्ट धरून, दोन्हीकडे चारचारदा बघत. पलीकडे एकच गलका उठला.

"वापरात नाही? मग आम्ही कोण, भुतं?"

"तरी मी म्हणत होते, ती टोपीवाली पोरगी काय मोजत होती!"

"काका, तुमच्या सावलीने घात केला बघा."

"वा रे वा!" काका इस्त्री आपटत म्हणाले. "सावली द्या आणि वर बोलणीही खा!"

सूचनेखाली नंबर होता. आईने फोन लावला. पलीकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, "ठीक आहे, सोमवारी पुन्हा मोजू. या वेळी चढणारी माणसं मोजू." आईने निरोप सावलीत पोहोचवला. पण माणसांचं कसं असतं, अर्धा निरोप कानात जातो आणि उरलेला अर्धा ती मनाने रचतात. 'सोमवारी मोजणी' एवढंच सगळ्यांनी धरलं.

सोमवारी काय सांगू! माझ्याभोवती जत्रा. ज्यांना जायचं ते होतेच, पण ज्यांना कुठेच जायचं नव्हतं तेही आले. काकांनी दुकान बंद ठेवलं. पेन्शनर आजोबा कुत्र्याला घेऊन आले. एका उत्साही मावशींनी आपली शिवणाची अख्खी शिकवणी आणली. ठकीची आजी, म्हणजे आईची सासू, खुर्ची घेऊन येऊन मधोमध बसली. कुणीतरी पुठ्ठ्यावर लिहून आणलं, 'आमचा थांबा आम्हाला पाहिजे.' टोपीवाली मुलगी बटणावर अंगठा ठेवून तयार.

वरच्या वळणावर झाकण वाजलं. ठकीने हात ओढला. बस आली, आणि ड्रायव्हरने लांबूनच ती गर्दी, तो पुठ्ठा, ती रस्त्याकडेची खुर्ची पाहिली. मोर्चा आहे असं वाटून त्याने करकचून ब्रेक दाबला, गाडी मागे घेतली आणि गल्लीतून वळवून पसार झाला.

चढणारी माणसं, शून्य.

मग सगळे एकमेकांवर खेकसू लागले. मोजणीवाली मुलगी बिचारी रडवेली झाली. "मी काय लिहू आता?"

ठकीचा वर्ग बुडाला होता. तिची आई माझ्या बुंध्याशी खाली बसली आणि लेकीच्या कानामागचं यंत्र उगाच सारखं करत राहिली.

"जाऊ दे गं," सासू म्हणाली. "एका दिवसाने काय होतंय. आणि मी म्हणते, इतकी दगदग हवीच कशाला? हिचा बापही उशिराच बोलला. आपोआप बोलेल."

"आई, त्यांना ऐकू येत होतं," सून म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "हिला येत नाही. आपोआप कुठून बोलेल? शब्द आत गेला तर बाहेर येईल ना."

सासू खुर्ची घडी करून म्हणाली, "ती हरकतींची बैठक कुठे आहे म्हणालीस?"

बैठक शहरात, मंडळाच्या कचेरीत. मी तिथे कसला जातोय? पण सासूबाईंनी परत आल्यावर तो किस्सा सावलीत इतक्यांदा सांगितला, की मला पाठ झालाय. लांबलचक टेबल, पंखे, मोठमोठे नकाशे. हिचा नंबर आला तेव्हा हिची बोबडी वळली. घरून ठरवून नेलेलं सगळं विसरली. शेवटी एवढंच म्हणाली, "बाई, मला नीट बोलता येत नाही. तुम्ही मोजायला नका येऊ. एकदा नुसत्या बसची वाट बघायला या."

"एवढंच?" टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं. फोनवर बोलल्या होत्या त्याच.

"एवढंच. पण दुपारी या."

"माझी सून हो!" सासूबाई प्रत्येक वेळी इथे टेबलावर हात मारल्यासारखा हवेत हात मारायच्या.

आणि बाई आल्या. टोपी नाही, यंत्र नाही, खांद्याला साधी पिशवी. माझ्याजवळ उभ्या राहिल्या. दुपारचं ऊन रणरणत होतं. आधी त्यांनी माझ्या पोटावरची सूचना वाचली, स्वतःच लिहिलेली. मग घाम पुसला. मग पिशवी डोक्यावर धरली. ठकीची आई आणि ठकी शेजारीच होत्या. बाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि न राहवून रस्ता ओलांडून सावलीत गेल्या.

काकांनी गाठोडं सरकवलं. "या, या. आलात ना शेवटी? बसा. सगळे इथेच येतात."

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. पत्र्याखाली दाटीवाटीने उभी असलेली माणसं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी कपाळावर हात मारला आणि खळखळून हसल्या. मग सगळेच हसले. मी सांगतो, इतकी वर्षं मी त्या सावलीचा हेवा केला, पण त्या दिवशी माझाही जीव गार झाला.

"पण बस कधी येते ते तुम्हाला इथून कसं कळतं?" त्यांनी विचारलं. "वळण तर दिसत नाही."

"ठकी हलली की," काका म्हणाले.

"कोण ठकी?"

तेवढ्यात झाकण वाजलं, ठकीने हात ओढला, आणि सावली रिकामी झाली. बाईही धावल्या. अर्ध्या रस्त्यात एक मोटार कर्कश हॉर्न वाजवत अंगावरून गेली. सगळे दचकून थबकले. ठकी तेवढी दचकली नाही. ती मला धरून शांतपणे रस्त्याकडे बघत होती. ते बाईंनी पाहिलं. बसमध्ये चढताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

नंतर त्या पुन्हा आल्या आणि काकांच्या बाकड्यावर बसून सगळ्यांना समजेल असं सांगितलं. पैसे थोडे आणि मागण्या ढीगभर, म्हणून मंडळ प्रत्येक कामाला गुण देतं. माणसं किती, दवाखाना-शाळेला जाणारी किती, रस्ता किती धोक्याचा. जास्त गुणांची कामं आधी. "माझ्या हातून इथले गुण चुकीचे पडले, ते मी दुरुस्त करतेय. थांबा राहणार. रस्त्यावर ओलांडायचे पट्टेही आखून देऊ. पण छपराचं माझ्या एकटीच्या हातात नाही. एक वाटा सरकारचा, एक मंडळाचा आणि एक तुमच्या नगरपालिकेचा. नगरपालिकेने हात आखडता घेतला तर आधीचे दोन वाटे दुसऱ्या गावाला जातात."

"नगरपालिका माझ्याकडे लागली," ठकीची आजी म्हणाली.

ती खुर्ची घेऊन तिथे गेली. रोज गेली. साहेबांच्या दारासमोर बसायची, भांडायची नाही, नुसती बसायची. कुणी विचारलं की म्हणायची, "काही नाही, छपराची वाट बघतेय. तुमच्याकडे सावली बरी आहे." शेवटी तिसरा वाटा मंजूर झाला. कामापेक्षा ती खुर्ची उठावी म्हणून झाला, असं काका म्हणतात. कशासाठी का होईना, झाला.

पट्टे आखून झालेत. पांढरेशुभ्र आहेत. सैल झाकण मात्र अजून वाजतंय. ठकीची आई हल्ली कधीकधी पट्ट्यांवरून सावलीत जाते, काकांशी दोन शब्द बोलते. पिशवी अजून उघडून बघते, पण एकदाच. आणि मागच्या आठवड्यात एक गोष्ट झाली. पलीकडून रिक्षाने हॉर्न दिला आणि ठकीने मान वळवली. माझ्यावर हात नव्हता तिचा, डबीशी खेळत होती. आपणहून वळवली. आईने ते पाहिलं आणि ती माझा आधार घेऊन उभी राहिली. तिच्या हाताची थरथर बसच्या थरथरीहून मोठी होती. समोरून काकांनी विचारलं, "काय गं, बस आली का?" तिने नुसतं ठकीकडे बोट दाखवलं.

आता माझं. छपराचा नकाशा परवा माझ्याच पोटावर लावलाय. छान आहे. बाक आहे, दिवा आहे. छपराला स्वतःचा फलक असल्यामुळे माझी गरज उरणार नाही. मला उपटून दुसऱ्या एखाद्या थांब्यावर नेतील, नाहीतर पुन्हा भट्टीत. मला त्याचं वाईट वाटत नाही. 'नंतर' खरंच आलं, हे बघायला मी जागेवर होतो, हे थोडं झालं का?

फक्त एक गोष्ट मला खाते. नव्या छपराचे पाय म्हणे सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवणार, खाली रबर घालून. दिसायला सुबक, पण जमिनीची थरथर त्यात चढणार नाही. आता ठकी ऐकायला शिकतेय, हे खरं. पण यंत्राचा सेल कधीतरी संपतो. माझ्यात सेलच नाही, तर संपणार काय?

म्हणून तुम्हाला विनवतो. तुम्ही या बसने जाणारे असाल, नाहीतर काकांकडे कपडे टाकायला येणारे असाल, हा निरोप त्या बाईंपर्यंत पोहोचवा, छप्पर उभारायला येणाऱ्या मिस्त्रींच्याही कानावर घाला. सगळे पाय चौथऱ्यावर बसवा, हरकत नाही. पण एक लोखंडी खांब जमिनीत खोल रोवा. मी नसलो तरी चालेल, जरा कललेला असला तरी चालेल. तीन वर्षांच्या मुलीच्या हाताला लागेल, एवढंच बघा. आणि निरोप पूर्ण सांगा हं, अर्धा नको.